सवडीने द्या

दिनांक १२ नोव्हेंबर, रविवार

तीर्थस्वरूप दादा यांस,

सविनय नमस्कार.

आपले पत्र आणि त्यासोबतची साठ खुर्च्यांची ऑर्डर दोन आठवड्यांपूर्वी हाती आली. उत्तरास विलंब झाला, याबद्दल क्षमस्व. वहिनींचे गुडघ्याचे दुखणे आता आटोक्यात असेल, अशी आशा करतो. येथे सर्व ठीक आहे. दूधवाला अजूनही दोन पिशव्या ठेवून जातो. एक पुरे, एवढे त्याला सांगायचे माझ्याकडून राहून जाते, त्यामुळे घरात दूध पुष्कळ आहे.

"कामात मन गुंतवा, दुःख हलके होईल," असे आपण लिहिले आहे. सल्ला योग्य आहे आणि मी तो पाळतो. रोज वेळेवर कारखान्यात जातो. वेल्डरचे काम तपासतो, पाइपचा दर्जा पाहतो, कराचे कागद पूर्ण करतो. आपली बहीण ज्या टेबलावर बसे, तिथला फोन रेक्झिन शिवणाऱ्या मावशी रोज पुसून ठेवतात. तो वाजला की सगळे हातातले काम थांबवून माझ्याकडे पाहतात.

आमच्या कामाची वाटणी आपल्याला ठाऊक आहे. खरेदी, हिशेब आणि बँक माझ्याकडे, वसुली हिच्याकडे. मी पलीकडच्या टेबलावर बसून ऐकत असे. हॉटेलवाल्यांशी तिचे बोलणे साधारण असे चाले:

"काय हो, आमच्या खुर्च्यांवर माणसं बसतात की नाही?"

"बसतात ना वहिनी, छान बसतात."

"आणि खाऊन झाल्यावर पैसे देतात, की तसेच उठून जातात?"

"काय वहिनी, तुम्ही पण!"

"मग उद्या माणूस पाठवते. त्याला चहा पाजत बसू नका, चेक द्या. आणि सूनबाईंची परीक्षा कशी झाली ते सांगा आता."

चेक येई. मी हिला म्हणत असे की हे व्यवसायाच्या रीतीला धरून नाही. थकबाकीचे रीतसर पत्र पाठवायला हवे. ती म्हणे, "तुमचं पत्र वाचून माणूस पैसे देणार नाही, वकील बघेल."

ती गेल्यानंतरच्या आठवड्यात एकेक गिऱ्हाईक भेटायला येऊन गेले. हॉटेलवाले आले, क्लासवाले सर आले, दाताचे डॉक्टर आले. उठताना प्रत्येकाने दारात थांबून, थोड्या संकोचाने, "तुमचं तेवढं देणं राहिलंय हं, लवकरच देतो," असे म्हटले. ते सौजन्याने म्हणत होते. मीही सौजन्यानेच उत्तर दिले, "आता त्याचे काय एवढे. सवडीने द्या." प्रत्येकाला मी हेच सांगितले. त्या वेळी घरात पैशांचा विषय निघणेच मला असह्य होत होते, आणि दुसरे कोणते वाक्य मला सुचले नाही.

दादा, माणसांनी माझा शब्द खरा मानला.

मागील महिन्यात मी फोन हाती घेतला. काय बोलायचे ते आधी कागदावर लिहून काढले. "नमस्कार. आपल्याकडील थकबाकीसंदर्भात बोलायचे होते," एवढे मी वाचले, तोच हॉटेलवाले म्हणाले, "कोण, बँकेतून का?" मी नाव सांगितले. "अरे साहेब, तुम्ही! आवाजच ओळखला नाही. जेवताय ना वेळेवर? हे बघा, एकटं वाटलं की सरळ इकडे यायचं, जेवून जायचं. विचारायचंसुद्धा नाही." मी आभार मानले आणि फोन ठेवला. जेवायला बोलावणाऱ्या माणसाकडे त्याच दमात पैसे कसे मागतात, हे मला ठाऊक नाही.

क्लासवाल्या सरांकडे मी स्वतः गेलो. त्यांनी मला आमच्याच खुर्चीवर बसवले. "तुम्ही सवडीने म्हणालात ना, म्हणून मी ते पैसे नव्या शाखेच्या डिपॉझिटला घातले," ते म्हणाले. "दुसरा कोणी असता तर मी धजलो नसतो. पण तुमचा शब्द म्हणजे शब्द." त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती. तशी ती असती, तर मला काही उत्तर देता आले असते.

व्यवसायाचे गणित साधे आहे. पाइप रोखीने घ्यावा लागतो, फोमवाला पंधरवडाभर थांबतो, कारागिरांचा शनिवार चुकवता येत नाही आणि गिऱ्हाईक तीन महिन्यांनी पैसे देते. मधली पोकळी येण्यांच्या तारणावर मिळणाऱ्या बँकेच्या कॅश क्रेडिटमधून भरून काढायची. हा विषय मी महाविद्यालयात अभ्यासला आहे आणि त्यात मला चांगले गुणही होते. बँकेचे मॅनेजर तरुण आहेत, मला 'सर' म्हणतात. ते म्हणाले, "सर, तुमची येणी कागदावर भरपूर आहेत. पण नव्वद दिवसांवर गेलेली येणी आम्ही धरत नाही, आणि तुमची जवळजवळ सगळीच तिकडे गेलीत. मर्यादा कमी करावी लागेल."

"ही माणसे बुडवणारी नाहीत," मी म्हणालो.

"मग मागा ना, सर."

मर्यादा कमी झाली. फोमवाल्याने मागचे बिल चुकते होईपर्यंत माल थांबवला आहे. गेल्या दोन शनिवारचा पगार मी मुदत ठेव मोडून केला. ती ठेव हिच्या औषधोपचारासाठी वेगळी ठेवली होती. बँकेच्या अर्जात मुदतीपूर्वी मोडण्याचे कारण लिहावे लागते. मी 'गरज उरली नाही' असे लिहिले. आता तीही संपली आहे. वेल्डर थट्टेखोर माणूस आहे. परवा हातमोजे काढता काढता त्याने विचारले, "साहेब, या आठवड्यात शनिवार आहे ना?" सगळे हसले. मीही हसलो. मावशी तेवढ्या हसल्या नाहीत.

येथवर मी इतरांविषयी लिहिले. हे पत्र इतरांना लिहिलेले नाही, याची मला जाणीव आहे.

सर्वांत मोठी रक्कम आपल्याकडे आहे. आकडा मी लिहीत नाही. तो आपल्याला माहीत आहे. आपल्या शोरूमचा हिशेब ही स्वतः पाहत असे आणि दर भेटीत त्यावरून आपले आणि तिचे भांडण होई. "बेबी, तू बहीण आहेस की सावकार?" असे आपण म्हणायचा, आणि ती म्हणायची, "आधी सावकार. बहीण म्हणून जेवायला वाढते, थांब." ही आपली करमणूक आहे, असे मी समजत असे. आपले पैसे त्याच करमणुकीतून वेळेवर येत होते, हे माझ्या ध्यानात आले नाही.

रुग्णालयात आपण शेवटचे भेटून गेलात, त्या संध्याकाळी ती म्हणाली, "आज दादाने उधारीची कुरकुर केली नाही. म्हणजे डॉक्टरांनी त्याला सांगितलेलं दिसतंय." मी विषय बदलला. हे आपल्याला कळवावे की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला.

आपणही तिला पोहोचवून परतल्यावर दारात मला म्हणालात, "आपलं तेवढं राहिलंय." मी आपल्यालाही तेच वाक्य सांगितले. वर, "आपल्यात कसला हिशेब," हेही जोडले.

आता आपल्या ऑर्डरविषयी. साठही सांगाडे तयार आहेत. ऑर्डर आली तेव्हा नाही म्हणायला हवे होते, पण आपण माझ्या मनाचा विचार करून ती पाठवली होती, म्हणून शिल्लक पाइप मी त्यात घातला. वेल्डरने जोड सुरेख घासले आहेत, काळा रंगही दिला आहे. ते रांगेने उभे आहेत. बैठकीला फोम नाही, पाठीला रेक्झिन नाही. कारागीर जेवायच्या सुट्टीत त्यांच्यामधून वाट काढत जमिनीवर जाऊन बसतात.

दादा, मी "सवडीने द्या" म्हणालो होतो, ते आज परत घेतो. दिलेला शब्द मागे घेण्याची ही माझी पहिलीच वेळ आहे. तो कसा घेतात ते माहीत नसल्याने चुकले असेल तर सांभाळून घ्यावे. मला शनिवारपूर्वी पैसे हवे आहेत. सगळे नसले तरी निम्मे हवे आहेत. ते आले नाहीत, तर शनिवारी मला वेल्डरला आणि मावशींना समोर उभे करून सांगावे लागेल, आणि सोमवारी कारखाना उघडणार नाही.

आपल्यालाही अडचण असेल, हे मी जाणतो. शोरूमला हे दिवस मंदीचे असतात. तेव्हा आपल्याला अगदीच जमत नसेल, तर

हे वाक्य मी पूर्ण करणार नाही. कागद बदलून पुन्हा लिहिण्याचेही बळ नाही, म्हणून ते तसेच राहू देतो.

वहिनींना नमस्कार सांगावा. पैसे पाठवता आले नाहीत तरी उत्तर मात्र पाठवावे, आणि त्यात माझ्या प्रकृतीची चौकशी करू नये. शक्य झाल्यास भांडावे.

अजूनही आपला मेहुणाच असलेला,

आपल्या बेबीचा नवरा