चिन्मयने लावलेला ब्रेक

निपाणी, रविवार

प्रिय शाल्मली,

फोनवर सांगायला गेले असते तर मध्येच रडले असते आणि तू घाबरली असतीस, म्हणून लिहिते आहे. बातमी चांगली आहे. सगळ्याच गोष्टींना दुसऱ्याचा हात लागणाऱ्या मोठ्या माणसांसाठी निपाणीत दिवसभराचं केंद्र सुरू झालंय, चिन्मयला पाठवून बघ, असं तू दिवाळीत म्हणाली होतीस. त्यावर मी काय बोलले ते आपल्या दोघींनाही आठवतंय. तू कोल्हापूरला सुटलीस, तुला सांगायला काय जातं! खरं तर मला भीती वाटत होती. एकोणतीस वर्षं तुझ्या भावाला न्हाऊ घालणं, भरवणं, उचलणं मीच केलं. माझ्याशिवाय तो एक दिवस तरी राहील का, आणि नाही राहिला तर माझ्यामागे त्याचं काय, हे मला तपासूनच बघायचं नव्हतं.

तर, संक्रांतीनंतर पाठवायला लागले. तुला मुद्दाम कळवलं नाही. फसलं असतं तर तुझ्यापुढे तोंडघशी पडले असते. पहिल्याच दिवशी चार पानी सूचना लिहून नेल्या, त्याच्यासाठी शाळेतली नोकरी कधीच सोडली तरी मी बाईच. भात मऊ हवा, पाणी चमच्यानेच, साधं भांडं वाजलं तरी दचकतो. केंद्र सांभाळणाऱ्या यशोदाबाईंनी ते शांतपणे वाचून फाइलला लावलं आणि मला घरी जायला सांगितलं. मी कसली जाते! आठवडाभर दाराबाहेरच्या बाकावर बसून राहिले. शेवटी त्यांनी बाकच आत उचलून नेला.

व्यायाम घ्यायला दर गुरुवारी एक बाई येतात. त्यांनी चिन्मयच्या चाकाच्या खुर्चीच्या ब्रेकला पाइपचा तुकडा बसवून दांडी लांब केली आणि ती डाव्या हाताने ओढायचा सराव सुरू केला. मी मनात हसले. त्या हाताने त्याने कधी माशीसुद्धा हाकलली नव्हती.

परवा चार वाजता आणायला गेले. त्याचा नवा दोस्त रवळू बिस्किटांचा रिकामा डबा बडवत होता, खोली दणाणत होती, आणि भांड्याला दचकणारे आमचे चिरंजीव हसत डुलत होते. मी मागून खुर्ची ढकलली. हलेना. पुन्हा जोर लावला. वाकून पाहिलं तर त्याचा डावा हात ब्रेकवर आणि नजर सरळ माझ्याकडे. यशोदाबाई म्हणाल्या, "आक्का, त्येला आजून जायाचं न्हाय. तुमी बसा वाईच."

शाल्मली, माझ्या लेकाने जन्मात पहिल्यांदा मला नाही म्हटलं. मला इतका आनंद झाला की मी सगळ्यांदेखत टाळ्या वाजवल्या. अर्धा तास तो डबा ऐकत बसले. मग त्यानेच ब्रेक सोडला आणि आम्ही घरी आलो.

आता हे पत्र कशासाठी, ते. आईला त्रास नको म्हणून तू बाळंतपण सासरीच करायचं ठरवलंस, आणि मी बरं म्हणाले. फोन ठेवल्यावर मला हायसं वाटलं, त्याची लाज अजून गेलेली नाही. लेकीचं पहिलं बाळंतपण, आणि आईने तिला बोलावू नये! तेव्हा तुझ्यासाठी माझा एकही हात रिकामा नव्हता. आता दहा ते चार दोन्ही आहेत. सातवा लागला की मी स्वतः कोल्हापूरला तुला न्यायला येते आहे. सासूबाईंना तसं सांग. विचारू नकोस, सांग. बाळंतपण माहेरीच होणार.

तुझीच, आता तुझ्याही वाट्याला येणारी,
आई