प्रज्ञाचं डोकं दुखायला लागलं तेव्हापासून

८ जानेवारी
एसटी स्टँडवर सकाळची ड्यूटी. धुक्यामुळे बुलडाण्याची गाडी पाऊण तास लेट. माइकवर गाड्या पुकारून पुकारून घसा बसला.
घरी आलो तर प्रज्ञा अंथरुणातच. डोकं दुखते म्हणे, चार दिवसांपासून. अंगात कणकण. कॉलेजला गेली नाही. सुनंदानं चहा नेऊन दिला तर खेकसली, "ठेव ना तिथं, डोक्यावर काऊन उभी राह्यतं?" आईशी असं बोलत नाही कधी. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, अभ्यासाचा ताण असेल.

१३ जानेवारी
ताप गेला, झोपही गेली. तीन दिवस डोळ्याला डोळा नाही पोरीच्या. बोलणं इतकं भरभर की अर्धं समजत नाही. आज मोबाइल पाण्याच्या टाकीत टाकला. का, तर "त्याच्यातून मले पाहून राह्यले ते." ते म्हणजे कोण, सांगत नाही.

१७ जानेवारी
डॉक्टरकडे नेलं. परीक्षेचं टेन्शन म्हणाले, झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या.
घरी आल्यावर सुनंदा हळूच म्हणाली, "अहो, एखादा पोरगा तर नसंल ना?" मी प्रज्ञाची बॅग उचकली. वह्या, कंगवा, केमिस्ट्रीचं पुस्तक, अर्धं खाल्लेलं चिक्कीचं पाकीट. काही नाही. लाज वाटली. पण संशय गेला नाही, हेही खरं.

२१ जानेवारी
लिहू का नको.
साडेअकराला स्टँडवर आली. घरातल्या गाऊनवर, पायात चप्पल नाही. कॅबिनमध्ये शिरली आणि माझ्या हातून माइक घेतला. सगळ्या स्टँडवर आवाज गेला : "हा माणूस माह्या जेवणात विष टाकते. हा माहा बाप नाई." दोनदा म्हणाली. अकोल्याच्या गाडीतले लोक खिडकीतून पाहत होते. बावीस वर्षं मी या कॅबिनमध्ये आहे.
मी मारलं. जोरात, गालावर. माइक चालूच होता.
ती रडली नाही. माझ्याकडे पाहिलं नुसतं, अनोळखी माणसाकडे पाहावं तसं.

२२ जानेवारी
ड्यूटीवर गेलो नाही. आजपर्यंत तिच्यावर हात उचलला नव्हता.

२५ जानेवारी
सुनंदाची मोठी बहीण हटूनच बसली, "बाहेरचं हाय काहीतरी, एकदा दाखवून तर पाहा." जलंबच्या पुढं एक माणूस आहे, अंगारा देतो. बुद्धविहारात मी पोरांना आयुष्यभर हेच सांगत आलो, असल्यांच्या नादी लागू नका. आज मीच रिक्षा ठरवली. प्रज्ञाला धरून बसवलं. त्यानं तिच्या तोंडावर राख फुंकली, ती खोकत राहिली. येताना सुनंदा रडत होती, मी रस्त्याकडे पाहत होतो.

२९ जानेवारी
सकाळी प्रज्ञाला फिट आली. स्वयंपाकघरात. डोळे वर, तोंडाला फेस. अकोल्याला नेलं. तिथं पोचेस्तोवर आणखी दोन. त्यांनी लगेच नागपूरला पाठवलं.

३ फेब्रुवारी, नागपूर
प्रज्ञा बोलत नाही आता. हात वर केला की वरच राहतो. ओठ सारखे हलतात, चघळल्यासारखे, पण तोंडात काही नसतं.
मेंदूच्या डॉक्टर आहेत एक बाई, तरुण, कमी बोलणाऱ्या. पाच मिनिटं त्या नुसत्या ओठांकडेच पाहत उभ्या राहिल्या. मग विचारलं, "वागणं बदलायच्या आधी ताप आला होता का? डोकं दुखत होतं?" इतक्या दिवसांत हे कोणीच विचारलं नव्हतं. मी म्हणालो, हो मॅडम, दोन्ही. पाठीच्या कण्यातून पाणी काढलं, तपासायला पाठवलं.

११ फेब्रुवारी
रिपोर्ट आला. पोटाची सोनोग्राफीही झाली. डॉक्टरबाईंनी मला आणि सुनंदाला बसवून समजावलं. सांगितलं तसं लिहून ठेवतो.
रोगाशी लढायला शरीर रक्तात काही द्रव्यं तयार करते. प्रज्ञाच्या अंडाशयात एक छोटी गाठ आहे. त्या गाठीत मेंदूसारख्या पेशी आहेत. शरीरानं ती गाठ परकी समजली, तिच्याशी लढायची द्रव्यं केली. ती द्रव्यं मेंदूत पोचली. मेंदूच्या पेशी तशाच दिसतात, म्हणून तिथंही लढाई. त्यामुळे झोप जाते, भास होतात, माणूस संशय घेतो, शिव्या देतो, मग फिट येतात.
सुनंदानं विचारलं, "म्हणजे ते सगळं ती बोलत नोहती?"
"तिच्या मेंदूला सूज होती, ताई. वेड नाही हे, कोणाचा दोषही नाही."
मी विचारलं, "मॅडम, त्या काळात तिले लागत असंल का? कोणी मारलं तर?"
त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "लागत असेल."
बाहेर नळावर जाऊन तोंड धुतलं. बराच वेळ धूतच राहिलो.

१२ फेब्रु.
गाठ काढली. लिंबाएवढी. आता स्टेरॉइड, आणि रक्तातली ती द्रव्यं मशीननं गाळून काढणार. दिवसाआड.

२७ फेब्रु.
आयसीयू. दिवसातून दोनदा भेट, दहा-दहा मिनिटं. तळवा हातात घेतो. काही नाही. सुनंदा तिला बी.एस्सी.च्या मैत्रिणींची नावं सांगत बसते. काही नाही.
डॉक्टरबाई म्हणतात, महिने लागतात, धीर धरा. धरून आहे.

१९ मार्च
नर्सनं केस विंचरले तर प्रज्ञा म्हणाली, "दुखते." दीड महिन्यात पहिला शब्द. सुनंदानं नर्सच्या पायालाच हात लावला.

६ मे
घरी. काठी धरून चालते. लहान लेकरागत सगळं पुन्हा शिकणं सुरू आहे : वेणी, गॅस लावणं, सुटे पैसे. मला बाबा म्हणाली. जानेवारी ते मार्च तिच्या डोक्यात नाही. थर्टी फर्स्टला केक कापला, तिथपर्यंत आठवते, मग एकदम नागपूरची खाट.
डॉक्टरबाईंनी निघताना बजावलं आहे : हे उलटू शकते. झोप उडाली, चिडचिड झाली, गप्प राहायला लागली, की थांबू नका, फोन करा.

२ जुलै
प्रज्ञानं वरणात मीठ नाही म्हणून ताट सरकवलं. मी आणि सुनंदा दोघंही एकदम उठलो. रात्री झोपली होती का, डोकं दुखते का, माझं नाव सांग बरं.
ती ओरडली, "मीठ नाई तं नाई म्हटलं! मले साधा रागही येऊ देत नाई तुमी."
मीठ खरंच नव्हतं.

१४ ऑगस्ट
स्टँडवर जायचं म्हणाली, घरात कंटाळा येते. कॅबिनसमोर बाकावर बसवलं. चहावाला तिला पाहून लगबगीनं आत गेला. तिच्या लक्षात आलं. "बाबा, लोक असे काऊन पाहतात? काय केलं होतं मी इथं?"
गेले कितीक महिने ठरवून होतो, सांगायचं नाही. सांगितलं. माइक, विष, सगळं. मी मारलं तेही.
ती गालाला हात लावून बसली. कोणत्या गालावर, विचारलं. मी दाखवला.
मी म्हणालो, "माफ कर बेटा. मले माईत नोहतं."
ती म्हणाली, "मले आठवतच नाई बाबा. मंग माफ कशी करू?"
शेगावची गाडी लागली होती. मी जाऊन पुकारली.

१५ ऑगस्ट
प्रज्ञा दिवसभर बोलली नाही. सुनंदाशीही नाही. जेवली अर्धी पोळी.

१६ ऑगस्ट
आजही नाही. खोलीचं दार लावून. सुनंदा सांगते, पहाटेपासून जागी होती. विचारलं तर तोंड फिरवते.
सुनंदा म्हणाली, "नागपूरले फोन लावा."
मी म्हटलं, तिले राग आला असंल. येणारच. बापानं चार लोकांत मारलं, हे तिच्यासाठी परवाचंच आहे.
"आणि तसं नसलं तं? जानेवारीतही आपून असंच म्हणत होतो."
तेव्हा आजार होता, मी माज समजलो आणि हात उचलला. आता राग असला आणि मी डॉक्टरला फोन केला, तर पोरीला रागावायचाही हक्क ठेवला नाही असं होईल. राग नसला, आजारच उलटला असला, तर एकेक दिवस महागात पडेल.
दाराशी उभा राहिलो. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "प्रज्ञा, एक शब्द बोल. शिवी दे पाह्यजे तर."
खुर्ची पुन्हा सरकली.
राग असू दे. वर्षभर बोलली नाही तरी चालेल, राग असू दे.
डॉक्टरबाईंचा नंबर काढून ठेवला आहे. सुनंदा समोर उभी आहे.