विलायती फ्रीव्हील

२८ सप्टेंबर १९८४, भालकी

नागनाथनं सायकल घेतली. दुकानातली सगळ्यांत स्वस्त! सख्ख्या भाच्यानं! महिनाभर मी घसा कोरडा केला — चांगला माल एकदाच घे, जन्मभर पुरतो. तर म्हणतो, “मामा, दुप्पट पैसे कामून द्यायचे? साखर कारखान्याला जायचंय, सासुरवाडीला न्हाई.”

मूर्ख! माझी विलायती एक्कावन्न साली हैदराबादहून आणलेली. उतारावर पाय थांबवले की मागचं फ्रीव्हील भुजंगप्रयातात बोलतं. लघु, गुरू, गुरू. शाळेच्या वाटेवर त्याच ठेक्यावर मी कविता म्हणायचो. वर्गात शिरायच्या आधी मुलांना चाल ऐकू यायची. देशी चाक काय बोलणार? खडखड!

१ ऑक्टोबर

माझी सायकल तिप्पण्णा मिस्त्रीच्या दुकानातून आली. खंडेनवमीच्या पूजेआधी दरवर्षी तोच खोलून साफ करतो. मला कधी हात काळे करू देत नाही.

३ ऑक्टोबर, खंडेनवमी

घात झाला! हार घालताना नागनाथ मागच्या चाकाशी वाकला. “मामा, ह्याच्यावर तर लुधियाना लिवलंय!” चष्मा लावला. खरंच! तिप्पण्णानं माझं फ्रीव्हील काढून घेतलं, देशी बसवलं — पूजेच्या निमित्तानं!

तसाच बाजारात गेलो. दहा माणसांत ओरडलो — चोर! तिप्पण्णा पाना खाली ठेवून म्हणाला, “गुरुजी, बसा. चहा सांगतो.”

चहा! चोरी नाकारायलासुद्धा त्याला तोंड नाही!

सौ. वच्छलानं ताट वाढलं. माझ्या घरची वस्तू चोरीला गेली, तर हिला काहीच नाही!

६ ऑक्टोबर

मुद्दाम उदगीर रस्त्याच्या उतारावर जाऊन ऐकलं. वृत्त मोडलंय! एका मात्रेनं! कान आहेत मला.

नागनाथ सांगत आला — लोक सायकली दुसरीकडं न्यायलेत. “तिप्पण्णा एकलाच बसायलाय, मामा. गिऱ्हाईक न्हाई.” बसू दे! तीस वर्षांची ओळख त्यानं एका फ्रीव्हीलला विकली. पोलिसांना अर्ज लिहिला. वच्छलाला मोठ्यानं वाचून दाखवला. भाषा उत्तम जमली आहे. उद्या देणार.

७ ऑक्टोबर

अर्ज सापडेना. वच्छला चुलीपुढं बसलेली. “जाळला,” म्हणाली.

मी भडकलो. ती माझ्याहून भडकली!

“भात्तर सालच्या दुष्काळात घरात ज्वारीचा दाणा नव्हता. तुम्ही म्हणलाव, उपाशी मरीन पण सायकलीचा खिळा विकणार न्हाई. मंग महिनाभर काय खाल्लाव?”

तिनं फुंकणी खाली आदळली.

“फ्रीव्हील, हब, आतलं समदं मीच तिप्पण्णाला काढायला लावलं. गिऱ्हाईक त्यानंच आणलं. मला अक्का म्हणतो, म्हणून तुम्हाला सांगू नको अशी माझीच आण घातली. बारा वर्सं झाली, देशी चाकावरच कविता म्हणायलाव की! एक दिस तरी कळलं का?”

मग पदर तोंडाला लावला. हसत होती की रडत होती, बघायची हिंमत झाली नाही.

८ ऑक्टोबर

सकाळीच दुकानात गेलो. रस्त्यावरच्यांना ऐकू जाईल असं बोललो — तिप्पण्णा चोर नाही, त्या दिवशी मी खोटं बोललो, फ्रीव्हील तर आमच्या घरातूनच —

त्यानं घाईघाईनं माझा हात धरला.

“हळू, गुरुजी! अक्काला शब्द दिलाय.”