डावीकडचा शनी

प्रिय मामा,

माझं अक्षर बघून तू म्हणणारच की कच्चा टाकासुद्धा याहून सरळ जातो. म्हण. टेबल नाहीये, मांडीवर चहाचा ट्रे उपडा घालून लिहितेय. फोनवर आपलं बोलणं म्हणजे आई मध्ये उभी राहून दोन्हीकडचे निरोप देणार, आणि हे मला तिच्या हाती द्यायचं नाही. दुडोळी मी दुरुस्तीवाल्याला दाखवून आणली. तिच्यात काय निघालं हे सांगायलाच बसलेय, पण एकदम लिहायला धीर होत नाही. जरा इकडचं तिकडचं लिहू दे आधी. तुला माझी सवय आहे.

सध्या मी एका मोठ्या लॉजच्या लाँड्रीत आहे. चादरींच्या घड्या घालते. चादर गरम असतानाच ओढून चारी कोपरे जुळवायचे, नाहीतर घडी तिरकी बसते ती बसतेच. इथल्या बाईंनी विचारलं, कुठे शिकलीस गं? म्हटलं, मामाच्या कटिंग टेबलाखाली. खोली मशीनच्या बरोबर वर आहे, त्यामुळे फरशी कायम कोमट. अनवाणी चाललं की वाटतं, इथे आत्ताच कुणीतरी बसलं होतं आणि उठून गेलं. आई विचारते, इथे तरी टिकशील का. मला काय माहीत? याच्या आधी बोटीवर तिकिटं फाडली, त्याच्या आधी रोपवाटिकेत कुंड्या भरल्या. पायाला भिंगरी आहे म्हणून तूच ते नाव ठेवलंस, आता भोग.

पण खरं म्हणजे मला ब्रशबद्दल सांगायचं होतं. दात घासायचा ब्रश मी त्या नळीच्या तुकड्यात ठेवते, तू दुर्बिणीचा कापलास त्यात. सगळ्या गावांतून तो माझ्याबरोबर फिरलाय. तुला आठवतं ना, दुडोळी आली त्या दिवशी तू शिवणाचं दुकान लवकर बंद केलंस? दुर्बिणींचा दुकानदार तिला बायनोव्ह्यूअर म्हणत होता, एकाच दुर्बिणीतून दोन्ही डोळ्यांनी बघायची जोडणी. तू म्हणालास, एवढं लांबलचक नाव घेईपर्यंत ग्रह मावळेल. दोन डोळ्यांची म्हणून दुडोळी. आणि मग ती दुर्बिणीला लावली तर काहीच नीट दिसेना. फोकसचं चाक आत आत फिरवून संपलं, तरी गुरू आपला कापसाच्या बोंडासारखा. दुडोळीच्या पोटात प्रकाश लोलकांमधून वळसे घेत जातो, आणि आपल्या लहानखुऱ्या दुर्बिणीत तेवढी लांबी शिल्लकच नव्हती. दुकानदार म्हणाला मध्ये एक जादा भिंग घाला. घातलं, तर गुरू फुगून फिका पडला. दोन दिवस तू कागदावर हिशेब मांडलेस. मग नळी कटिंग टेबलावर आडवी ठेवलीस, टेप लावलीस, खडूने रेघ मारलीस आणि करवत घेतलीस. आई म्हणाली, अरे कापड नाहीये ते, चुकलं तर ठिगळ कुठून आणशील? तू करवत चालवलीस. चार बोटं नळी खाली पडली, ती मी उचलली. त्यानंतर त्या दुर्बिणीला एकाच डोळ्याने बघायचा आयपीस लावला तर उलट नळीच तोकडी पडायची, चित्र जुळायचंच नाही. तू ऐटीत सांगितलंस, आता आपल्याकडे एका डोळ्याने बघणं बंद.

त्या संध्याकाळी गच्चीवर अजून उजेड होता. तू माझ्या दोन बुबुळांमधलं अंतर टेपने मोजलंस, जसं गिऱ्हाईकाचं खांद्याचं माप घेतोस तसं, आणि दुडोळीवर पांढऱ्या खडूची खूण केलीस. तुझी खूण निळी. मी बघितलं तर दोन गुरू. म्हटलं, मामा, हा तर जुळा निघाला. तू म्हणालास, डोळे सैल सोड, कपड्यासारखे. आणि ते दोन्ही तरंगत एकमेकांकडे आले आणि एक झाले. कसं सांगू, एका डोळ्याने बघताना तो नेहमी कागदावरचा ठिपका वाटायचा. आता मात्र हात घातला तर पलीकडून बोटं फिरतील असा गोळा. त्याचे पट्टे दिसले. एका डोळ्यात तरंगणारे ते किडे आणि जाळ्या, ज्यांच्यावर तू कायम वैतागायचास, ते कुठल्या कुठे गेले. मग शनी. आई म्हणायची, लोक शनी मागे लागू नये म्हणून धडपडतात आणि हा स्वतःच त्याच्या मागे लागलाय. तरी तीही स्टुलावर बसली की उठायची नाही. आमटी-भाजीचं काय ते आपण बघायचं, हो ना.

नंतर तू म्हणायला लागलास की डावीकडचा शनी मंद दिसतो. आधी फुंकर मारलीस, मग फडक्याने पुसलंस. आयपीस डावीकडचा उजवीकडे केला, तरी मंद तो डावीकडचाच. म्हणजे काच नाही, आतला लोलक, असा तू निकाल दिलास. आणि लोलक हलला कसा, तर मी दुडोळी दुर्बिणीबरोबर डोंगरावर नेली होती तेव्हा. मी तिला लोकरीच्या टोपीत गुंडाळून आख्ख्या बसप्रवासात मांडीवर धरलं होतं, मामा. मला दोन्हीकडे सारखंच दिसायचं, आणि मी तसं सांगितलं. तू म्हणालास, तू कधी एका जागी बसून काही बघितलंयस का? ओरडला असतास तर बरं झालं असतं. तू ती डब्यात घातलीस, डबा माझ्या बॅगेवर ठेवलास आणि म्हणालास, घेऊन जा, आता हिचा काही उपयोग नाही. मी गेले. तेव्हापासून तुझ्याकडे कापलेली दुर्बीण आणि माझ्याकडे दुडोळी. दोघांनाही आकाश बंद. आई सांगते, दुर्बीण कोपऱ्यात उभी आहे, तिच्यावर अस्तराचं कापड टाकलंय.

मला तुझा राग आला होता. खूप. इथे मायक्रोस्कोप आणि कॅमेरे दुरुस्त करणारा एक जण आहे, त्याच्याकडे दुडोळी दिली ती या रागातच. दुरुस्त करून तुझ्यापुढे ठेवायची, एक शब्द न बोलता, असं ठरवलं होतं. त्याने ती उघडली, तिच्यातून भिंतीवर दोन ठिपके पाडले, एकावर एक आणले, प्रकाश मोजला. म्हणाला, काही झालेलं नाही, दोन्हीकडे अगदी सारखी आहे. आता मला किती आनंद व्हायला हवा होता सांग. मी म्हटलं, नीट बघा. त्याने पुन्हा बघितलं. मी म्हटलं, बसमध्ये आपटली असेल हो, माझ्याच हातून, कुठेतरी टवका गेला असेल. तो चिडला. म्हणाला, बाई, चांगली वस्तू बिघडली म्हणून सांगणं माझं काम नाही. मग माझा चेहरा बघून त्याने दुडोळी हातात घेऊन उलटी केली. ज्याला डावीकडे मंद दिसतं त्याला अशी उलटी धरून बघायला सांगा, म्हणाला. मंद बाजू उजवीकडे गेली तर माझ्याकडे आणा. डावीकडेच राहिली तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या.

मी तिथल्याच पायरीवर बसले. आईने फोनवर हसत हसत सांगितलेलं एकेक आठवायला लागलं. मामा हल्ली चहा कपाच्या डावीकडे बशीत ओततो. मामा दाराच्या चौकटीला डावा खांदा घासून जातो, म्हातारा झाला. मामाने स्कूटर डावीकडून खरचटवून आणली आणि म्हणतो खांबच पुढे आला. आम्ही हसायचो रे. डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन मी हे सगळं तिथल्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, तपासल्याशिवाय नाव घेणार नाही, पण दाब वाढून डोळा असा कडेकडेने विझत जातो. मधलं दिसत राहतं, थोडं फिकट. एका डोळ्याचं उणं दुसरा झाकून घेतो, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. तू सुईत दोरा ओवून दाखवशील, माहितीये मला. त्यांना तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, ओवतीलच, शेवटपर्यंत ओवतील. आपल्या घरात तुझ्या दोन डोळ्यांना वेगवेगळं विचारणारी एकच वस्तू होती, मामा. तिने खरं ते सांगितलं, आणि आपण तिलाच डब्यात घातलं.

आता ज्यासाठी लिहिलं ते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गेलेलं परत येत नाही, पण राहिलेलं राखता येतं, आणि उजवा डोळाही आजच्या आज दाखवायला हवा. आज आणि हे पत्र पोचेल तो दिवस यात किती अंतर आहे ते मी बोटांवर मोजून बघितलं. म्हणून पत्राच्या मागोमाग मीच येतेय, शुक्रवारी सकाळी. शुक्रवारी दुकान उघडायचं नाही. आईला मी समोर बसून सांगेन. त्या दुरुस्तीवाल्याकडून नळीच्या तुकड्याला दोन्ही टोकांना आटे पाडून घेतलेत. तो दुर्बिणीला परत बसतो, एकाच आयपीसवर सगळं नीट जुळतं, तेव्हा पुढे काहीही झालं तरी तुला शनी दिसेल. आईच्या ठिगळाचं काम झालं. पण दवाखान्यातून आल्यावर, संध्याकाळी, तो तुकडा बसवायच्या आधी एकदा तुझ्या निळ्या खुणेवर दुडोळी लावू आणि ती उलटी धरून तू बघ. मंद शनी उजवीकडे गेला, तर ती मीच आपटली, बसमध्ये, बेफिकिरीने, आणि तू म्हणशील ते मी जन्मभर ऐकून घेईन. चादरींच्या घड्या घालताना मी रोज तेवढंच मागते, मामा. ती मीच आपटलेली असू दे.

तुझीच,
भिंगरी