बिजागऱ्यांवरचे आठ तास

३ जून

ती. काकूस,
सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. हे पत्र काकांच्या नजरेला पडू देऊ नकोस. वाचून झालं की शिवणाच्या डब्यात टाक.

आमच्या दवाखान्यात नवा अभ्यास सुरू होतोय. तो कशावरचा ते एकदाच लिहिते आणि मोकळी होते. काही माणसांना कामवासना आवरता येत नाही. नोकरी जाते, संसार मोडतो, स्वतःचीच शिसारी येते, तरी पाय तिकडेच वळतात. आमच्या डॉक्टरीणबाईंनी त्यावर बोलण्याचा उपचार काढलाय, आठवड्याला एक तास असे आठ तास. तो खरंच लागू पडतो का हे कळायला निम्म्या लोकांना तो द्यायचा. उरलेल्या निम्म्यांना त्याच खोलीत, तोच चहा देऊन, तेवढाच वेळ असं काहीतरी ऐकवायचं की ज्यात औषधाचा अंशही नाही. कुणाच्या वाट्याला काय आलं हे शेवटपर्यंत सांगायचं नाही. तशी त्यांची आधी लेखी संमती घेतली आहे.

घोडं अडलंय ते बोलणाऱ्यापाशी. एक निवृत्त पोस्टमन आणला, तर लोक खुर्च्या पुढे ओढून ऐकायला लागले. बाई म्हणाल्या, ज्याच्या बोलण्यात कुणाचंच मन रमणार नाही असा माणूस शोधा. काकू, खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांसमोर काका उभे राहिले. चौतीस वर्षं दरवाजांच्या कारखान्यात बिजागऱ्या तपासलेला माणूस. ताईच्या लग्नात त्यांनी नवऱ्या मुलाला बिजागरी समजावून सांगितली, तेव्हा तो बिचारा उभ्या उभ्या पेंगला होता.

मी त्यांना एवढंच सांगणार आहे की एका सवयीने त्रासलेल्या लोकांशी बिजागऱ्यांवर बोलायचं. निवड कशामुळे झाली ते तूही सांगू नकोस.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
ठकू

९ जून

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून इतकी हसले की यांनी आतून चौकशी केली. दाढ दुखतेय म्हणून सांगितलं. हसणाऱ्या बाईची दाढ कशी दुखते हे विचारण्याइतकं लक्ष नव्हतं, म्हणून निभावलं.

तुझ्या लोकांना आठ तास मिळणार, मला तोच उपचार छत्तीस वर्षं फुकट चालू आहे. आणि गुण येतो याची साक्ष मी देते. नव्या नवरीला यांनी एकांतात पहिली गोष्ट विचारली ती ही, की तुझ्या माहेरी स्क्रू-ड्रायव्हर कुठे ठेवतात.

पण थट्टा पुरे. कारखाना सुटल्यापासून यांचं ऐकायला कुणी नाही. कोपऱ्यावरचा न्हावी यांना लांबून पाहिलं की दुकानाचं दार लोटून घेतो, आणि हे त्या दाराची बिजागरी सैल आहे असं घरी येऊन सांगतात. कंटाळवाणे म्हणून आपल्याला निवडलं, हे कळलं तर ते चिडणार नाहीत, भांडणार नाहीत. नुसते गप्प होतील. बोलणाऱ्याचा मला वैताग येतो, पण गप्प झालेले ते माझ्याच्याने बघवणार नाहीत. तेव्हा जपून.

तुझी,
काकू

१४ जुलै

चि. ठकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तीन तास पार पडले. पहिला तास पट्टी, दुसरा तास मधली पिन, तिसरा तास स्क्रूची भोकं (विषय अपुरा राहिला). चौदा माणसं नेमाने येतात. दोघे पेंगतात, पण ते मागे बसतात आणि घोरत नाहीत.

तू म्हणालीस सवयीने त्रासलेले लोक आहेत, सवय कुठली ते विचारू नका. मी विचारलेलं नाही. पण इतकी वर्षं माणसं पाहिली आहेत. मान खाली, नजर चोरटी, आणि बिजागऱ्यांची एवढी उत्सुकता. मंडळी घरफोडीतली आहेत हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं. म्हणून बाहेरून पिन कशी काढतात हा भाग मी गाळला आहे. तू निश्चिंत राहा.

मी त्यांना गृहपाठ देतो. घरातल्या सगळ्या बिजागऱ्या मोजायच्या, लांबी लिहायची, करकर होते का ते नोंदवायचं. मन अस्वस्थ झालं की मोजपट्टी घ्या, असं सांगून ठेवलंय. कडक उन्हातही छत्री घेऊन येणारे एक गृहस्थ आहेत. ते म्हणाले, सध्या भाड्याच्या एका खोलीत एकटाच राहतो, दार एकच, गृहपाठ होणार कसा. मी म्हटलं, मग ओळखीच्या घरी जाऊन मोजा.

नवे बूट घेतले. कारखाना सुटल्यापासून माझ्यासमोर कुणी वही उघडली नव्हती, ठकू. बरं वाटतं.

तुझा,
काका

२० सप्टेंबर

ती. काकूस,
सा. न. वि. वि.

घात झाला. निकाल लागला आणि दोन्ही गटांना सारखाच गुण आलाय. बाईंनी चार वर्षं घासून तयार केलेला उपचार आणि काकांच्या बिजागऱ्या, अगदी तोडीस तोड. बाईंनी दोन दिवस तेच आकडे पुन्हा पुन्हा तपासले. काकांच्या गटाला आता खरा उपचार देऊ केला, तर चौदांपैकी अकरा जणांनी लेखी विचारणा केली आहे की त्याऐवजी कड्या-कोयंड्यांवर काही आहे का.

आता खरी पंचाईत. अभ्यास संपला की त्यात भाग घेतलेल्या प्रत्येकाला खरं काय ते लेखी कळवायचं असा आमचा नियम आहे. त्यात काकाही आले. कागदावर छापलंय, “वक्त्याच्या निवडीचा निकष: श्रोत्यांचे मन न रमणे.” त्याखाली त्यांची सही हवी. काय करू?

ठकू

२४ सप्टेंबर

चि. ठकूस,
आशीर्वाद.

सांग. पण सांगायचं तर सगळं सांग. अर्धं सांगितलंस तर उरलेलं अर्धं ते मनाने भरतील, आणि वाईटच भरतील.

काकू

२८ सप्टेंबर

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

काका, सोबतचा कागद वाचण्याआधी हे वाचा. तुमची निवड मी केली, आणि तुम्ही कंटाळवाणे आहात म्हणून केली. तुमचं बोलणं हे औषध नव्हतं, औषधाच्या जागी ठेवलेलं पाणी होतं. ते लोक घरफोडे नाहीत. त्यांना कामवासना आवरत नाही, आणि त्यापायी त्यांनी बरंच गमावलंय. तुमच्यापासून हे लपवलं याची मला लाज वाटते.

पण पाण्याने गुण आला. का आला ते बाईंनाही ठाऊक नाही, तसंच त्या अहवालात लिहिणार आहेत. छत्रीवाल्या गृहस्थांनी जे सांगितलं ते त्यांच्या परवानगीने लिहिते. बायको, भाऊ, डॉक्टर, सगळे त्यांना वर्षानुवर्षं एकच विचारत आले की तुम्ही काय केलंत. तुम्ही एकटेच असे भेटलात की ज्याने दारं किती आहेत ते विचारलं. त्यांनी बायकोला चिठ्ठी पाठवली, बिजागऱ्या मोजायला घरी येऊ का म्हणून. दीड वर्षाने तिने त्यांना उंबऱ्याच्या आत घेतलं. सात दारं होती, त्यांनी ती तीन रविवार पुरवली. आता मोजायला काही उरलं नाही म्हणून ते खिन्न आहेत.

रागवा, पण बोलणं सोडू नका.

तुमच्या क्षमेची वाट पाहणारी,
ठकू

१९ ऑक्टोबर

चि. ठकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. वाईट वाटलं, ते लपवत नाही. अकरा दिवस मी घरातल्या सगळ्या दारांना तेल घातलं आणि कुणाशी बोललो नाही. बाराव्या दिवशी तुझी काकू स्टूल घेऊन समोर बसली आणि पितळी पिन आणि पोलादी पिन यांत फरक काय ते विचारलं. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा. मी तासभर सांगितलं. ती शेवटपर्यंत जागी होती. मधे एकदा डोळे मिटले, पण ते विचार करण्यासाठी, असं तीच म्हणाली.

कागदावर सही केली आहे. निकष बरोबर आहे, तो खोडलेला नाही. फक्त “एक वक्ता” असं लिहिलंय तिथे “अनुभवी वक्ता” असं करावं. घरफोडे नाहीत हे वाचून हायसं वाटलं, आता पिनेचा राहिलेला भाग घेता येईल. कड्या-कोयंड्यांचे आठ तास मी लावून ठेवले आहेत. तुझ्या बाईंनीही यावं, पुढची खुर्ची राखून ठेवतो.

छत्रीवाल्या गृहस्थांना माझा निरोप दे. सात दारांच्या घरात माळ्यावर जायला एक झडप असते, आणि तिला दोन लहान बिजागऱ्या असतात. त्या मोजायला लोक हमखास विसरतात. त्यांनी जरूर जाऊन यावं. मात्र एकट्याने चढू नये म्हणावं, खाली शिडी धरायला घरातलंच कुणीतरी लागतं.

लोभ होताच, आता थोडा तेलपाणी करून पाठवत आहे.

तुझा,
काका