चाळीस सेंटीमीटर जास्तीचा पूर

३ फेब्रुवारी, सोमवार
१. नदीकाठच्या वाचनालयाच्या भिंतीवर जुन्या महापुराची पाटी आहे : ‘पाणी येथपर्यंत आले होते.’
२. पुलाच्या खांबावरच्या अधिकृत खुणेशी ताडून पाहिली. पाटी चाळीस सेंटीमीटर वर आहे.
३. पाटीला चार स्क्रू होते.
४. मी ती काढली.
उद्या योग्य उंचीवर लावणार. विषय तांत्रिक आहे. कोणाला विचारण्यासारखं काही नाही.

४ फेब्रुवारी
ड्रिल घेऊन गेले. भिंतीपाशी गर्दी. त्या पुरातून वाचलेले शिंपीकाका म्हणाले, आमचा पूर कमी करणारी तू कोण गं? मी उंची मोजायचं लेव्हल मशीन दाखवलं. तेव्हा कुठे होतं हे? आम्ही होतो, म्हणाले. घरं विकणाऱ्या एजंटचं म्हणणं, पाटी परत लावूच नका, तळमजले खपत नाहीत.
ड्रिल परत आणलं. विरोध किरकोळ.

६ फेब्रुवारी
साहेबांनी विचारलं, काढताना कोणाला विचारलं होतंस? कोणालाच नाही. मग लावताना कशाला विचारतेस? थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, थांब, लावायला ठराव लागतो. नगरपालिका म्हणते, वाचनालयाला विचारा. वाचनालय म्हणतं, पूरनियंत्रणाला विचारा. पूरनियंत्रण म्हणजे आम्हीच.
प्रगती आहे.

९ फेब्रुवारी, रविवार
आईला कळलं. धाकटा मामा त्या पुरात गेला. तेव्हा आई नऊ वर्षांची होती. बाजारात जाताना ती पाटीला हात लावायची. मला वाटायचं, दम खायला थांबते.
समजावलं की पाटी खाली आली तर हात सहज पोचेल. आई म्हणाली, त्याचा हात सुटला तेव्हा पाणी कुठवर होतं ते मला विचार, तुझ्या मशीनला नको.
मग आत जाऊन आडवी झाली. दमली असावी.

१४ फेब्रुवारी
भिंतीवर कोणीतरी ऑइलपेंटची जाड लाल रेघ ओढली आहे. मोजली. चूक चाळीस सेंटीमीटरची होती, आता एक मीटर दहाची आहे. शिंपीकाका म्हणाले, हिला स्क्रू नाहीत हं.

१७ फेब्रुवारी, सोमवार
पाटी माझ्या पलंगाखाली होती. आईने ती पुसून आपल्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवली. घे, म्हणाली, आता पूर घोट्याएवढाच. मग पाटीच्या शेजारी जमिनीवर बसून राहिली.
मी काही मोजलं नाही.
साहेबांना पाठवायचा मजकूर : पाटी माझ्या घरी आहे. ती कुठे लावायची हे कोण ठरवणार, ते कृपया शुक्रवार, २१ तारखेपर्यंत कळवावे.