शनिवारची वाटणी

प्रिय लॉरीन,

तू फोन उचलणार नाहीस म्हणून हे पत्र लिहितेय असं समजू नकोस. मी फोन केलाच नाही. दोन मिनिटांत मी ओरडायला लागले असते, तू ठेवून दिला असतास, आणि जे सांगायचंय ते पुन्हा घशातच राहिलं असतं. दोन वर्षं राहिलंय तसं. हे पत्र तू फाडून टाकू शकतेस, पण त्यात मधेच तोंड घालू शकत नाहीस. तेव्हा बस आणि वाच.

मी अजून रागावलेली आहे. हे आधीच सांगते, कारण पुढे कुठे माझा आवाज जरा मऊ लागला तर तुला वाटायचं, ग्लेंडा विरघळली. परवा भांडी घासताना तुझी आठवण आली आणि रॉनचा आवडता कप मी ओट्यावर असा आदळला की त्याचा कान तुटला. रॉनने पेपरातून डोकंसुद्धा वर काढलं नाही. "लॉरीन का?" म्हणाला. मी म्हटलं, "हो." त्याने पान उलटलं. आमच्या घरात तुझं एवढंच नाव निघतं आता.

दर दुसऱ्या शनिवारी आपण चौघी डेमॉइन शहरातल्या घाऊक मालाच्या गोदामात जायचो ते मला काल रस्ता झाडतानाही आठवत होतं. सकाळी साडेसातला रॉनची व्हॅन. पुढच्या सीटवर ओपलबाई, कारण त्यांचे गुडघे, आणि वीस वर्षांत स्वतः गाडी चालवली नसली तरी ऐंशी मैल मला शिकवायच्या, "ग्लेंडा, ट्रकच्या मागे मागे नको गं, तो काय आपला नवरा आहे?" मागे तू मांडीवर कॅल्क्युलेटर घेऊन, आणि तुझ्या शेजारी टॅबिथा, खिडकीला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून गाढ झोपलेली. तीन पोरं आणि वृद्धाश्रमातल्या चादरी धुण्याची नोकरी. आठवड्यातली तिची खरी झोप काय ती त्या व्हॅनमधली.

तुझं श्रेय मी नाकारत नाही. फळीवरच्या चिठ्ठीत मोठ्या आकड्याखाली बारीक अक्षरात एका औंसाचा भाव लिहिलेला असतो, तो वाचायला मला तू शिकवलंस. मोठा डबा नेहमीच स्वस्त नसतो, हेही तूच सांगितलंस. घरात खपायच्या आधी खराब होणारी स्वस्त वस्तू ही सगळ्यात महाग वस्तू, असं तू भर दुकानात एका अनोळखी माणसाला सुनावलं होतंस; त्याच्या ढकलगाडीत मेयोनीजचा बादलीएवढा डबा होता. बिचाऱ्याने तो परत ठेवला. आपण हसून हसून बेजार झालो होतो.

मग माझ्या गॅरेजात वाटणी. टेबल टेनिसच्या टेबलावर सगळा माल मांडायचा. तीस रोल टॉयलेट पेपर, साठ अंडी, पंचवीस पौंडांचं पिठाचं पोतं आइस्क्रीमच्या रिकाम्या बादल्यांमध्ये मापून घ्यायचं, चीजची वीट रॉनच्या मासे पकडायच्या दोऱ्याने कापायची. झालं की तिथेच उभ्या उभ्या ओपलबाईंची घेवड्याची तिखट, रस्सेदार चिली आणि दालचिनीचे रोल. माझ्या आयुष्यात चर्चपेक्षा त्या गॅरेजात मला जास्त बरं वाटायचं. कोणाला सांगू नकोस. अर्थात सांगशीलच.

आता मुद्द्यावर येते. तो ऑक्टोबर. त्याआधी सहा महिने तू गोदामात नावापुरती येत होतीस. तुझी सगळी खरेदी फोनवर चाललेली. आम्ही अंड्यांचा खोका उघडून फुटकी शोधायचो आणि तू शेजारी उभी राहून सांगायचीस, "हेच साबण मला दारात आणून देतात. पेट्रोल नाही, रांग नाही, आणि वर दोन डॉलर स्वस्त." ठीक आहे. ज्याची त्याची आवड. पण त्या शनिवारी तू वाटणी उरकताच टेबलावर एक मोठा कागद पसरलास. एका बाजूला गोदामाचे भाव, एका बाजूला ऑनलाइनचे. पेट्रोल धरलेलं, गोदामाच्या सभासद-कार्डाची वर्षाची फी चौघींत भागलेली, अगदी वाया गेलेला पाव धरलेला. वर्षभराच्या पावत्या तू माझ्याकडून "जरा बघते" म्हणून नेल्या होत्यास, त्या कशाला ते मला तेव्हा कळलं. आणि तुझं गणित बरोबर होतं, लॉरीन. कागद, साबण, कॉफी, मांजराचं खाणं, सगळं घरबसल्या स्वस्त पडत होतं. फक्त अंडी, चीज आणि चिकन गोदामात स्वस्त. मी स्वतः नंतर पडताळून पाहिलं. म्हणजे त्याबद्दल माझा राग नाही.

राग आहे तो पुढच्या वाक्याचा. तू कागदावर बोट ठेवलंस आणि हसत हसत, अगदी हसत हसत, म्हणालीस, "आणि ही बघा गंमत! टॅबिथा, तू दर वेळी वीस डॉलर देतेस आणि नेतेस पन्नासचं. वर्षभर! अगं, आपल्याला कोणाला बेरीज येते की नाही?"

त्यानंतर काय झालं ते तुला दिसलं नाही. तू तर पुढे कॉफीच्या भावावर गेलीस. मला दिसलं. ओपलबाईंच्या हातातला डाव चिलीच्या भांड्यात तसाच राहिला. टॅबिथाने माझ्याकडे पाहिलं, मग ओपलबाईंकडे, आणि आमच्या दोघींच्या तोंडावर तिला सगळं दिसलं. तिने हातातला अंड्यांचा ट्रे टेबलावर ठेवला. पिठाची बादली ठेवली. मग पर्समधून चीजचा तुकडाही काढून ठेवला, आणि म्हणाली, "मला वाटायचं, मोठं घेतलं की एवढं स्वस्त पडत असेल." बस, एवढंच. ओपलबाई म्हणाल्या, "पोरी, अगं ऐक," पण ती गेली. तिची गाडी तुझ्या दारात लावलेली होती, तिथपर्यंतचे सहा रस्ते ती थंडीत चालत गेली.

आता ऐक काय होतं ते. टॅबिथाचा नवरा गेला त्या हिवाळ्यात ती म्हणाली होती, मला आता वाटणीत राहणं झेपायचं नाही. ओपलबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तिला सांग, वीस पुरतात. वरचे मी बघते. मला एकटीला काय लागतं? आणि उरलेले मी वर घेऊन जाणार आहे का?" मी म्हटलं, अर्धे माझे. तीन वर्षं आम्ही दोघी ते करत होतो. टॅबिथाला कळू न देता. तुलाही.

तुला का नाही सांगितलं? हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण मी उत्तर देते. कारण तुझ्या पोटात काही राहत नाही. रॉनने दारू सोडली ते तू चर्चच्या जेवणात उभं राहून जाहीर केलंस, अभिमानाने, टाळ्या वाजवून. तुला वाटलं चांगलं केलं. त्याला मात्र वाटलं, जमीन फाटेल तर बरं. म्हणून मी ओपलबाईंना म्हटलं, लॉरीनला नको. सांगितलं असतं तर तू तो कागद केला नसतास. हे मला कळतं. रोज कळतं. स्वतःवरचा राग काढायला जागा नसते, म्हणून त्यातला थोडा तुझ्या वाट्याला जास्त आला असेल. पण थोडाच. बाकीचा तू स्वतः कमावलेला आहेस.

कारण त्याच संध्याकाळी मी तुझ्याकडे आले आणि सगळं सांगितलं. तेव्हा तू म्हणू शकली असतीस, "अरे देवा, मी काय केलं!" तू काय म्हणालीस? "मी काही खोटं बोलले का? उलट तिचा फायदाच झाला. आता ती हेच घरबसल्या घेऊ शकेल." आणि तू तिला फोनवर यादी पाठवलीस. कुठला साबण, कुठली कॉफी, पस्तीस डॉलरच्या वर घेतलं की पोचवायचे पैसे पडत नाहीत. जिच्याकडे एका वेळी पस्तीस नसतात तिला! जिच्या इमारतीच्या जिन्यात ठेवलेली पार्सलं दुपारपर्यंतसुद्धा टिकत नाहीत तिला! तिचं उत्तर तू मला दाखवलंस, "थँक यू, लॉरीन. बघते." आणि म्हणालीस, "बघ, ती काही रागावलेली नाही." तळपायाची आग माझ्या मस्तकात गेली. मी दार आपटून निघाले. त्यानंतर आपण बोललेलो नाही.

वाटणी तिथेच संपली. दोघींत साठ अंडी कशी वाटायची? ओपलबाई आठवड्याला चार खातात. एकदा मी आणि रॉन दोघंच गेलो, तर परत येताना तो म्हणाला, "एवढं चिकन? आपण हॉटेल काढतोय का?" मी कार्ड बंद करून टाकलं. ऑनलाइनही करून पाहिलं, तुझी जिरवायला म्हणून नाही, खरंच. टिशूचे रोल मागवले, आले ते बाहुलीच्या घरात शोभतील असे. लांबी मीच वाचली नव्हती. तू असतीस तर वाचली असतीस. खोका उघडून स्वयंपाकघरात एकटी उभी राहिले आणि हसायलाही कोणी नव्हतं.

तुझ्या नवऱ्याची, वेनची, नोकरी होती तो कारखाना बंद झाल्याचं मला मार्चमध्ये पेपरातून कळलं. तुझ्या लेकीने, केलीने, आपल्या दोन्ही मुली तुझ्याकडे आणून सोडल्या आणि ती टेक्सासला निघून गेली, हे टपाल कचेरीतल्या बाईने सांगितलं. पंचवीस वर्षांपासूनची मैत्रीण, आणि मला तिच्या घरचं टपाल कचेरीत कळतं. तेव्हाही मी फोन केला नाही. खरं सांगू? मनात आलं, बसू दे आता कॅल्क्युलेटर घेऊन. हे मनात आलं होतं हे मी तुझ्यापासून लपवणार नाही.

आणि मग परवा, मंगळवारी, टॅबिथा आली. दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या दारात. आत ये म्हटलं तर आली नाही, पायरीवरच उभी राहिली. चर्चच्या तळघरात दर गुरुवारी धान्य वाटतात ना, तिथे ती आता खोकी उचलायला मदत करते. आधी स्वतः न्यायला जायची. म्हणाली, "गेले तीन गुरुवार एक हिरवी गाडी येते. रस्त्याच्या पलीकडे उभी राहते, इंजिन चालूच. कोणी उतरत नाही. वीस मिनिटांनी निघून जाते. मागे दोन लहान मुली असतात." हिरवी गाडी कोणाची ते मी ओळखलं. ती म्हणाली, "मीही पहिल्या दोन वेळा अशीच परत गेले होते. तिसऱ्यांदा उतरले, कारण घरात दूध नव्हतं." मी म्हटलं, "मग? बसू दे तिला." "मुली पण बसतात ना तिच्याबरोबर," टॅबिथा म्हणाली. "तिला तिथे उतरायला नाही जमायचं, ग्लेंडा. तुझ्या गॅरेजात जमेल." मी विचारलं, तू येशील? "ती असताना नाही. मनाने एवढी मोठी झाले नाही मी अजून." आणि गेली.

म्हणून हे पत्र. माझ्या मनाने नाही; जिला तू घालवलंस तिच्या सांगण्यावरून. काल मी कार्ड पुन्हा सुरू केलं. या शनिवारी साडेसातला मी तुझ्या दारात असेन. ओपलबाई पुढे बसतील, त्यांना आता ऐकू कमी येतं, मोठ्याने बोल. मुलींना घे. तुझ्या वाट्याचे पैसे किती ते मी सांगेन, तू तेवढे द्यायचे आणि विचारायचं नाही. गाडीत मी कदाचित ऐंशी मैल तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही. कदाचित परत येताना बोलेन, आणि तेही भांडेन. पण घरात नाही असं भासवू नकोस. मी इंजिन बंद करून बसेन, आणि वीस मिनिटांनी निघून जाणारी मी नाही.

रागातही तुझीच,
ग्लेंडा